ज जागेतला, जयातला नव्हे

तिचा नवरा रेडिओवर निवेदक होता. त्याच्या जिभेला हाड नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने आधी त्या माणसाचा 'ड' सुधारून दिला असता आणि मग राग धरला असता.

सकाळी सातच्या बातम्या तो वाचायचा. बातम्या संपल्या की अर्धा तास श्रोत्यांशी गप्पा मारायचा. शहरभर लोक त्याच्या आवाजावर दाढ्या उरकायचे, डबे भरायचे. घरी मात्र तो आवाज दुसऱ्याच कामाला जुंपलेला असे. भाजीवाल्याचा ण, पोस्टमनचा श, शेजारणीचा ज्ञ, कुणाची म्हणून सुटका नव्हती. लग्न ठरवायला आला तेव्हा होणारे सासरे म्हणाले, "आमचा आर्शीवाद आहे." हा म्हणाला, "आशीर्वाद. र नंतर येतो." सासरे हसले, सासूबाई हसल्या आणि तीही हसली. हुशार दिसतोय, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. डॉक्टरांनी खरडलेल्या चिठ्ठ्या तिला सरळ छापल्यासारख्या वाचता यायच्या. लोक म्हणायचे, तुम्हाला हे कळतं तरी कसं? ती म्हणायची, सवय झाली की कशाचंही काही वाटत नाही.

मुलगी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी नर्स बाळाला अंघोळ घालत होती. तांब्या न वापरता ती दोन्ही हातांत पाणी घेऊन बाळाच्या पोटावर हलकेच सोडत होती. नवरा दाराशी उभा होता. एकदम म्हणाला, "ओंजळ."

"काय?" ती म्हणाली.

"नाव. ओंजळ. बघ, आजवर कुणी ठेवलेलं नाही. शुद्ध आपला शब्द."

तिच्या मनात उमा होतं. तिची आई शेजारीच बसली होती, ती म्हणाली, "अहो जावईबापू, ओंजल? असलं कुठं नाव असतं का? उद्या पोरींना पसा नाहीतर मूठ म्हणाल."

"आई, तुम्ही ओंजल म्हणताय," तो शांतपणे म्हणाला. "ज जागेतला आहे, जयातला नाही. जीभ दातांच्या मागे टेकवायची. आणि शेवटी ळ. जीभ मागे वळवून. म्हणा बघू."

आईने म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. पाचव्या वेळी आई उठून डबा घेऊन घरी गेली.

त्या सोमवारी त्याने सकाळच्या कार्यक्रमात सांगून टाकलं की आमच्या घरी ओंजळ आली आहे. कसं म्हणायचं तेही सांगितलं, जागेतला ज वगैरे. त्याला वाटलं होतं आठ-दहा लोक कौतुक करतील. महिनाभर पत्रं येत राहिली. एका बसचालकाने लिहिलं, माझ्याही मुलीचं नाव मी हेच ठेवतोय, तुमची परवानगी असावी. पुढच्या महिन्यात अशी आणखी सहा पत्रं आली. तो ती बायकोला वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने गोल करून ठेवायचा.

नगरपालिका दरवर्षी नव्या बाळांच्या नावांची यादी वर्तमानपत्रात द्यायची. दुसऱ्या वर्षी त्या यादीत ओंजळ तळाशी कुठेतरी होती, अकरा मुली. चौथ्या वर्षी पाचव्या क्रमांकावर. त्याने ते कात्रण फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलं. पाहुणा आला की आधी कात्रण, मग चहा.

पण नाव पसरलं तसं जिभेगणिक बदलत गेलं. लस द्यायला दवाखान्यात गेलं की नर्स दारातून ओरडायची, "ओंजल!" आणि तीन बायका एकदम उठायच्या. नवरा चौथा उठायचा, पण वेगळ्या कारणासाठी. बागेत तो अनोळखी बायकांना थांबवायचा. एकदा घसरगुंडीपाशी एक बाई आपल्या मुलीला हाक मारत होती, तर हा मध्येच म्हणाला, "माफ करा, पण ज जागेतला आहे."

ती बाई म्हणाली, "पोरगी माझी आहे."

"पोरगी तुमची असेल. शब्द तुमचा नाही."

त्या बाईने नवऱ्याकडे न बघता हिच्याकडे बघितलं. कशी राहता हो याच्यासोबत, असं त्या नजरेत होतं. ही बुटाची लेस बांधायला वाकली. लेस सुटलेली नव्हती.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या मुलीला तिचं नाव म्हणता येईना.

साडेतीन वर्षांची झाली तरी ती "ओंदल" म्हणायची. बाकी बोलायला चुरूचुरू. दुकानातल्या औषधांची नावंसुद्धा ऐकून ऐकून म्हणायची. पण ज आणि ळ आले की जीभ अडखळायची. ते दोघे तिला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तिला चित्रं दाखवली, पाच मिनिटं खेळल्या आणि म्हणाल्या, "हिला काहीही झालेलं नाही. ळ उशिरा येतो. सहा-सात वर्षांपर्यंत आपोआप होईल. तोवर फक्त टोकू नका."

"टोकू नका म्हणजे?" तो म्हणाला. "स्वतःचं नाव चुकीचं घेईल ती."

"तिचंच नाव आहे ना? मग घेऊ दे."

जिन्यात तो बायकोला म्हणाला, "जिला उच्चारातला च म्हणता येत नाही, ती मला शिकवणार." पुन्हा त्या बाईंकडे गेले नाहीत.

घरात आरसा आला. हातात धरायचा, गोल. जेवणाआधी वीस मिनिटं मुलगी खुर्चीवर आणि तो समोर स्टुलावर. चमच्याच्या दांडीने तो तिची जीभ हलकेच मागे सरकवायचा. "ळ. ळ. बाळ. काळ. आता म्हण." मुलगी "बाल" म्हणायची. कधी कधी तिला ओकारी यायची. तो चिडायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. रेडिओवर तापमान सांगावं तशा सुरात तो म्हणायचा, "पुन्हा."

पाच वर्षांची झाली तेव्हा त्याने नियम काढला. काहीही मागितलं की तो विचारायचा, "कुणाला हवंय?" नाव नीट आलं तरच मिळायचं.

"बाबा, बिस्कीट."

"कुणाला हवंय?"

"ओंदलला."

"अशी कुणी या घरात राहत नाही."

बायको ओट्यापाशी उभी असायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, राहू दे ना, लहान आहे." त्याने तिच्याकडे वळून तिला म्हटलं, "मग तू दे. दे बिस्कीट, आणि जन्मभर बोबडी ठेव तिला. मोठी झाल्यावर लोक हसतील तेव्हा सांग, आईने दिलं होतं." तिने डबा पुन्हा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पातेल्यातलं ढवळताना नळ जोरात सोडून ठेवला, म्हणजे ऐकू यायचं नाही.

महिन्याभरात मुलीने मागणंच सोडलं. शाळेतून आली की सरळ न्हाणीघरात जायची. एकदा बायको टॉवेल द्यायला म्हणून आत गेली तर मुलगी नळाखाली दोन्ही हात जोडून पाणी पीत होती, घटाघटा, फ्रॉक भिजलेला. आईला बघितल्यावर तिने हात पाठीमागे लपवले. आईने टॉवेल खुंटीला लावला आणि दार ओढून घेतलं. नवऱ्याला सांगितलं नाही, एवढंच तिने मुलीसाठी केलं. ते पुष्कळ झालं, असं तिने स्वतःला पटवलंही.

शाळेत तिच्या वर्गात चार ओंजळी होत्या. शिक्षिकेने सोयीसाठी त्यांना चष्मावाली, वेणीवाली, उंच आणि बोबडी असं वाटून टाकलं. मुलांना त्यात मजा वाटली नाही. त्यांनी बोबडीला ओझं करून टाकलं. बाकावर ती शेजारी बसायला आली की ओरडायचे, "ओझं आलं, ओझं आलं, सरका!" मुलीने हे घरी सांगितलं नाही. पालकसभेत बायकोच्या कानावर आलं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "शाळेत जाऊन बोला. पोरं तिला ओझं म्हणतात."

तो बूट काढत होता. म्हणाला, "झ बरोबर म्हणतात का पण?"

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. "ज्या मुलांना झ येतो, त्यांना ज यायला हवा," तो म्हणाला. "म्हणजे या वयात ज येत नाही असं नाही. हिचीच जीभ आळशी आहे."

मुलगी सात वर्षांची होता होता त्याच्या कार्यक्रमाला दहा वर्षं झाली. केंद्रप्रमुखांनी कल्पना काढली की शहरातल्या सगळ्या ओंजळींना सभागृहात बोलवायचं, कार्यक्रम थेट ऐकवायचा, एकेकीने माईकसमोर येऊन आपलं नाव सांगायचं. "आणि सुरुवात अर्थात तुमच्या ओंजळीपासून!" केंद्रप्रमुख म्हणाले. "पहिली ओंजळ!"

पुढचे पाच आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. आरसा सकाळीही निघू लागला. मुलगी रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं बायकोला वाटायचं. ती नुसती आरशात बघत बसायची, जणू तो चेहरा वर्गातल्या पाचव्या ओंजळीचा आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही. शेवटच्या आठवड्यात दहातून तीनदा तिला जमायला लागलं. तो खूश झाला. तिच्यासाठी निळा फ्रॉक आणला.

सभागृहात सदतीस ओंजळी आल्या होत्या. मांडीवरच्या, कडेवरच्या, दोन दात पडलेल्या, केसांना क्लिपा लावलेल्या. एका आईने हाक मारली की सात जणी माना वळवायच्या आणि लोक हसायचे. बायको पहिल्या रांगेत बसली होती. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला, नवऱ्याने आपल्या त्या मधाळ आवाजात नमस्कार केला, नावाची गोष्ट सांगितली, आणि म्हणाला, "आता ऐकू या पहिली ओंजळ." माईक मुलीच्या तोंडासमोर धरला.

मुलगी गप्प.

रेडिओवर तीन सेकंद शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजतात. बायकोला नवऱ्याच्या मानेवरची शीर दिसली. मुलीने आईकडे बघितलं. बायकोने ओठ हलवून दाखवले, ओं, ज, ळ. मुलीने श्वास घेतला.

"ओंद..."

त्याने माईक काढून घेतला. झटका दिला नाही, सराईतपणे मागे घेतला. हसत हसत म्हणाला, "आमची ही छोटी पाहुणी जरा लाजते आहे. हरकत नाही. या, आपण खऱ्या ओंजळीकडे जाऊ या." मुलीच्या खांद्याला धरून त्याने तिला बाजूला केलं आणि पुढची मुलगी आत घेतली. ती बसचालकाची, सहा वर्षांची, गालांवर खळ्या. तिने घंटा वाजवावी तसं नाव घेतलं. ज जागेतला, ळ टाळूतला. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. नवऱ्याने तिला उचलून घेतलं.

बायकोनेही टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते. आपले हात वाजताहेत हे तिला कळलं तेव्हा मुलगी व्यासपीठाच्या कडेला पडद्याजवळ उभी होती आणि आईच्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. नवरा, त्याच्या कडेवर बसचालकाची मुलगी, खाली ओळ: निवेदक आणि त्यांची कन्या ओंजळ. बायकोने ते नवऱ्यापुढे ठेवलं. वर्तमानपत्रात वेलांटी चुकली तरी संपादकाला पत्र लिहिणारा माणूस तो. त्याने फोटो बघितला, ओळ वाचली, घडी घातली.

"चूक आहे ना त्यात," ती म्हणाली.

"कुठे?" तो म्हणाला. "शुद्धलेखन बरोबर आहे."

त्यानंतर आरसा कपाटात गेला. "कुणाला हवंय" हेही थांबलं. नवऱ्याने मुलीला शिकवायचं सोडलं तसं तिच्याशी बोलायचंही जवळजवळ सोडलं. बायकोला त्या शांततेचं बरं वाटत होतं. संध्याकाळी घरात चमच्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

पण काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की मुलगी न्हाणीघरात फार वेळ राहते. दाराला कान लावला तर आतून नळाच्या धारेखाली बारीक आवाज येत होता. ळ. ळ. बाळ. काळ. फळ. तो कपाटातला आरसा आता साबणाच्या फळीमागे ठेवलेला असे. बायकोने तो तिथून हलवला नाही. वर्ष गेलं, दुसरं अर्धं गेलं. साबण संपला की ती नवा ठेवायची आणि आरशावरचे शिंतोडे पुसून ठेवायची.

दरम्यान बाहेर ओंजळीचं मातेरं होत गेलं. नगरपालिकेच्या यादीत नाव पहिल्या क्रमांकावर आलं. मग केसांना लावायच्या तेलाची बाटली आली, ओंजळ. नाक्यावर कपडे धुण्याचं दुकान निघालं, ओंजळ. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी कुत्री आणली आणि जिन्यातून हाक येऊ लागली, "ओंजल, खाली बस! ओंजल, घाण!" नवऱ्याने फ्रेम भिंतीवरून उतरवली. कुणी मुलीचं नाव विचारलं तर म्हणायचा, "आहे एक मुलगी."

एका संध्याकाळी तो ऑफिसातून एक फॉर्म घेऊन आला. चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी उजेड होता. जेवायला बसल्यावर म्हणाला, "मी फार विचार केला."

त्याच वेळी मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला. साडेआठ वर्षांची होती ती. ताठ बसली, हात मांडीवर घेतले.

"बाबा," ती म्हणाली. "ओंजळ."

इतकं स्वच्छ, की बायकोच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. त्या बसचालकाच्या मुलीपेक्षाही स्वच्छ. शब्द टेबलावर ठेवल्यासारखा.

नवऱ्याने मान तिरकी केली, डोळे मिटले. स्टुडिओत हेडफोन लावून नवख्या निवेदकाची चाचणी घ्यावी तसं. "पुन्हा."

"ओंजळ."

"हं. ज अजून जरासा पुढे चालला असता. पण ठीक." त्याने डोळे उघडले. "मात्र आता त्याचा उपयोग नाही. आपण नाव बदलतोय." फॉर्म त्याने मुलीपुढे सरकवला. "श्लक्ष्णा. म्हणजे मुलायम, कोमल. हे कुणी तेलाला देणार नाही. म्हणून दाखव."

मुलीने फॉर्मकडे बघितलं. मग बापाकडे. मग ताटाकडे.

"मला येतंय आता ते," ती म्हणाली. "पहिलं येतंय."

"ते सगळ्यांनाच येतं," तो म्हणाला.

फॉर्मवर दोघांची सही लागत होती. बायकोने दोन दिवस काढले. काउंटरवर उभी असताना तिने स्वतःला सांगितलं की नवीन नाव मिळालं की पोरीचं ओझं सुटेल, शाळेत नवी सुरुवात होईल. हे खोटं होतं आणि तिला ते कळत होतं. ज्या बाईला कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचता येतं, तिला आपलं मन वाचता येत नाही असं थोडंच असतं. सही न करता तिला नवऱ्याशी रोज भांडावं लागलं असतं, आणि भांडायची तिला सवय नव्हती. तिने सही केली.

नोंदणी कार्यालयात एक वयस्क कारकून होता. चष्मा कपाळावर चढवून त्याने फॉर्म बघितला आणि मुलीला जवळ बोलावलं. "मुलाला विचारावं लागतं, नियम आहे. बाळ, आत्ता तुझं नाव काय?"

"ओंजळ," मुलगी म्हणाली.

कारकुनाने चष्मा खाली घेतला. "वा! माझ्या नातीचं हेच आहे, पण तिला काही असं म्हणता येत नाही. मलाही येत नाही म्हणा. केवढं गोड घेतेस गं तू. मग बदलताय कशाला?"

"तुमच्या नातीचं आहे म्हणूनच," नवरा म्हणाला.

कारकुनाने बायकोकडे बघितलं. बायको भिंतीवरचं कामकाजाच्या वेळेचं पत्रक वाचत होती. "बाळ, तुला चालेल ना?" कारकुनाने विचारलं.

मुलगी आईकडे बघत राहिली. बरीच वाट बघितली तिने. आईचं पत्रक काही वाचून संपेना. मग मुलगी म्हणाली, "मला काहीही म्हणा."

कारकुनाने शिक्का मारला. श्लक्ष्णा लिहिताना त्याला तीनदा खोडावं लागलं आणि नवरा त्याच्या डोक्याशी उभा राहून एकेक अक्षर सांगत होता.

शाळेत ते नाव कुणालाच जमलं नाही. शिक्षिका शालक्षणा म्हणायची, मुलं शेवटी लक्षी म्हणू लागली. मुलगी शाळेत सगळ्याला ओ द्यायची. घरी द्यायची नाही. नवरा हाक मारायचा, "श्लक्ष्णा!" सगळी जोडाक्षरं कशी सुटी सुटी, निर्मळ. मुलगी गृहपाठ करत राहायची. ऐकू येत नाही असं नाही, पानसुद्धा उलटायची. आठ दिवस त्याने हाका मारल्या. मग खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "ओंजळ." तेव्हाही तिने पान उलटलं.

"तुझ्याशी बोलतोय मी!"

ती वर बघून सभ्यपणे म्हणाली, "बोला ना."

तेव्हापासून ज्याच्या तोंडून कधी अर्धं अक्षर सांडलं नाही, तो माणूस आपल्या मुलीला "ए" म्हणून हाक मारू लागला. ए, इकडे ये. ए, दार लाव. त्या हाकेला ती यायची. बायको "बाळा" म्हणायची. एकदा, त्या दोघीच घरात असताना, तिने हळूच "ओंजळ" म्हणून बघितलं. मुलगी भांडी पुसत होती. म्हणाली, "तू नको. तू तर टाळ्या वाजवल्या होत्यास." आवाजात राग नव्हता. पुसलेलं ताट तिने मांडणीत लावलं आणि दुसरं घेतलं.

अठराव्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिथेच राहिली. तिथे कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात क्ष-किरण काढायचं काम करते, एवढं त्यांना माहीत होतं. सुट्टीला यायची नाही. महिन्यातून एकदा फोन करायची, तोही आईला. नवरा आता निवृत्त झाला होता. दिवसभर रेडिओ लावून नव्या निवेदकांच्या चुका वहीत टिपत बसायचा. रेडिओ केंद्राने त्याच्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं होतं.

एकदा दुपारी फोन त्याने उचलला.

"आई आहे का?"

आवाज ओळखूनही तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?" तो म्हणाला. रिसीव्हर त्याने दोन्ही हातांनी धरला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पलीकडचं तिला काही ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचे ओठ किंचित उघडे होते, कुणी भरवायला घास पुढे केल्यासारखे.

थोड्या वेळाने त्याने रिसीव्हर बायकोकडे दिला आणि रेडिओपाशी जाऊन बसला.

मुलीने नेहमीचं विचारलं, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस का. मग बायको म्हणाली, "अगं, स्वेटर विणलाय तुझ्यासाठी. निळा. पोस्टाने धाडते. पत्ता सांग."

मुलीने पत्ता सांगितला. इमारत, रस्ता, मजला. बायको लिहून घेत होती.

"आणि वर नाव काय घालू?" तिने विचारलं. आणि लगेच घाईघाईने म्हणाली, "म्हणजे, तिथे तुला काय म्हणतात गं? तुझे मित्रमैत्रिणी, कामावरची माणसं, काय हाक मारतात?"

"छान हाक मारतात," मुलगी म्हणाली.

"पण काय?"

"ते इथलं आहे, आई. ते तुम्हाला नाही मिळायचं."

बायकोच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. पलीकडे कुणीतरी मुलीला हाक मारली. लांबून, हसत, एक लहानसा शब्द. बायकोने जिवाचा कान केला, पण इकडे रेडिओवर बातम्या सुरू होत्या आणि तो शब्द त्यांत गेला. मुलीने तिकडे तोंड करून "आले!" म्हटलं. इतक्या पटकन, इतक्या मोकळेपणी, की बायकोने तिला तशी ओ देताना कधी ऐकलंच नव्हतं.

"मग पार्सलवर काय लिहू?" तिने विचारलं.

"खोलीचा नंबर लिही," मुलगी म्हणाली. "एकोणीस. पोचतं."

बायकोने एकोणीस लिहिलं.